ऑईलचं मिक्स वेगळं आणि कार्बोरेटरचं मिक्स्चर वेगळं

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतले माळीकाका ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं पेट्रोलवरचं टू-स्ट्रोक मशीन, घेऊन आले, स्टार्टची दोरी ओढायला गेलो तर हलेचना, पिस्टन जाम. काका एकच गोष्ट परत परत सांगत होते, "अहो मी तर दर लिटरला एक झाकण ऑईल जास्तच टाकत होतो, मग जाम कसं झालं?" आणि ते खरं बोलत होते. सायलेन्सर काढून आत बॅटरी मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, पण फक्त सायलेन्सरच्या बाजूला, कार्बोरेटरकडची बाजू अजून गुळगुळीत होती. सिलिंडर उतरवून खाली क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या जागेत, बोट फिरवलं तर बोट ऑईलने चिकट. म्हणजे ऑईल भरपूर होतं, कमी पडलं ते पेट्रोल. अजिबात ऑईल न टाकता चालवलेलं मशीन उघडलं की खालची बाजू कोरडी ठणठणीत असते आणि ओरखडे बहुतेक वेळा सगळीकडून असतात, तसं इथे काहीच नव्हतं.

घोळ होतो तो शब्दाचा. आपण दोन वेगळ्या गोष्टींना "मिक्स" म्हणतो. एक मिक्स कॅनमध्ये होतं, पेट्रोल आणि ऑईलचं. दुसरं कार्बोरेटरमध्ये होतं, पेट्रोल आणि हवेचं. "मिक्स लीन झालंय" (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय) असं कोणी म्हणालं की समोरच्याला वाटतं ऑईल कमी पडलं, आणि तो ऑईल वाढवतो. काकांनी तेच केलं.

कॅनमधलं आधी. टू-स्ट्रोकला बाईकसारखी खाली वेगळी ऑईलची टाकी नसते, पेट्रोलबरोबर आलेलं ऑईलच क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला वंगण देतं आणि मग जळून सायलेन्सरमधून बाहेर जातं. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्यांना पंपावर पेट्रोलबरोबर २टी ऑईल मारून घ्यायचं आठवत असेल, तोच प्रकार. १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:४० म्हणजे २५, १:२५ म्हणजे ४०. कुठलं घ्यायचं ते मशीनच्या पुस्तकात बघायचं आणि तेच ठेवायचं. बाईकचं २०डब्ल्यू-४० वगैरे टाकायचं नाही, ते अशा रीतीने जळायला बनवलेलंच नाही. आणि झाकणाने मोजणं बंद करा, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं, खोकल्याच्या औषधाबरोबर जो आकडे छापलेला छोटा कप येतो तो धुऊन पुसून वापरा, माझ्याकडे तोच आहे.

आता कार्बोरेटर. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, पण टू-स्ट्रोकला ताकद मिळावी आणि आतून गार राहावं म्हणून पेट्रोल त्यापेक्षा थोडं जास्तच द्यावं लागतं. हे ठरतं कार्बोरेटरच्या स्क्रूवर. एल (L) लिहिलेला स्क्रू स्लोसाठी आणि पिकअपसाठी, एच (H) लिहिलेला फुल रेससाठी, आणि तिसरा फक्त स्लो कमी-जास्त करायला, त्याचा मिक्स्चरशी संबंध नाही. एल आणि एच आत आवळले की पेट्रोल कमी म्हणजे लीन, बाहेर सोडले की पेट्रोल जास्त म्हणजे रिच. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनना एचचा स्क्रू नसतोच, तिथे फुल रेसचं पेट्रोल जेटवर, म्हणजे ठराविक मापाच्या बारीक भोकावर, ठरलेलं असतं.

मग ऑईल जास्त टाकल्याने मशीन रिच होत नाही का? नाही, उलट होतं, आणि हे मला स्वतःला नीट कळायलाच खूप वेळ लागला. जेटमधून ठराविक मापाचं द्रव जातं. १:५० च्या एक लिटर मिश्रणात पेट्रोल साधारण ९८० मिली असतं, १:२५ केलं की ते ९६० वर येतं, जागा ऑईलने घेतली, शिवाय मिश्रण थोडं जाड झालं. म्हणजे हवेच्या हिशोबात पेट्रोल कमीच झालं. हा फरक छोटा आहे, एवढ्याने कुठलं मशीन जाम होत नाही. जाम होतं ते पुढच्या पायरीला. ऑईल वाढलं की निळसर पांढरा धूर वाढतो, प्लग काळा ओला होतो, मग कोणीतरी बघून सांगतो की रिच झालंय, स्क्रू आवळ. स्क्रू पाव फेरा आवळला की धूर कमी होतो, आवाज टोकदार होतो, रेस भन्नाट वाढते, सगळे खूश. आणि मशीन आता खरंच लीन आहे, गरम जास्त, आरपीएम जास्त, आणि ऑईल पेट्रोलबरोबरच येतं त्यामुळे पेट्रोल कमी केलं की ऑईलही कमीच पोचतं. काकांच्या मशीनचं हेच झालं होतं, एचचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळलेला होता. छातीएवढ्या गवतात ते मशीन काका सलग तासभर चालवायचे, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, कोणी नीट सांगितलंच नव्हतं त्यांना.

धूर आणि प्लग बघून निदान करायचं असेल तर आधी कॅनमधलं मिक्स नक्की माहीत पाहिजे, नाहीतर जास्त ऑईल आणि रिच सेटिंग बाहेरून सारखंच दिसतं. म्हणून टाकी रिकामी करायची, ताजं मोजून केलेलं मिक्स भरायचं, एअर फिल्टर धुवायचा, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजलीय का बघायची, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा.

ताजं का म्हणतो, तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या सेटिंगवर मशीन तसंही थोडं लीन चालतं. दुसरं म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. फार दिवस ठेवलेल्या कॅनमध्ये पाणी नि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसू शकतं, ऑईल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीतली नळी ओढते तळाचं. ऑईल बरोब्बर मोजूनसुद्धा इंजिन कोरडं चालतं ते असं.

ट्युनिंग करताना मशीन चार-पाच मिनिटं चालवून गरम करा, हेड (पुढचा फिरणारा भाग) आणि गवत कापायची दोरी लावलेली असू दे, रिकाम्या शाफ्टवर फुल रेस देऊ नका. एल फिरवून स्लो सगळ्यात वर जातो ती जागा शोधा आणि तिथून किंचित बाहेर सोडा. मग तिसऱ्या स्क्रूने स्लो इतका खाली आणा की हेड फिरायचं थांबेल. फुल रेसला एच हळूहळू सोडत जा, एका जागी आवाज फडफडायला लागतो, तिथून जरासं आत. गवतात घातल्यावर ती फडफड जाऊन आवाज साफ झाला पाहिजे. गवताबाहेरही आवाज किंचाळल्यासारखा साफ येत असेल तर लीन आहे, लगेच सोडा. आरपीएम मीटर असेल तर पुस्तकातला आकडा ओलांडू नका.

आणि एच, एल दोन्ही भरपूर सोडूनही रेस खाली यायला वेळ लावत असेल, स्लो आपोआप वर जात असेल, तर ते ना ऑईलचं ना स्क्रूचं. क्रँकचं सील किंवा कार्बोरेटरमागचं पॅकिंग हवा ओढतंय. तिथे मशीन बंद करायचं आणि सील बदलेपर्यंत चालवायचं नाही.