सडा म्हणजे उजाड डोंगर नव्हे
पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की आमच्याकडे कोकणात कुणी ना कुणी झाडांसाठी खड्डे काढायला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जेसीबी चढवतो. 'ओसाड माळ हिरवा करूया' असा फलक, दोन फोटो, वडापाव. दरवर्षी तेच सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

उजाड उतार सगळ्यांच्या ओळखीचा. तोड झाली, वणवे लागले, माती पऱ्याला, म्हणजे ओढ्याला गेली. घोळ होतो तो सड्याचा.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं कवच, त्यावर कुठे चार बोटं माती. मे महिन्यात तो काळाठिक्कर दिसतो आणि लोक तेव्हाच निकाल देऊन मोकळे होतात. पहिल्या सरींनंतर याच कातळावर दीपकाडी फुलते, मग गेंद, सीतेची आसवं. मातीत नत्र इतकं कमी की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात. अशा जागी शेणखत टाकणं म्हणजे तिथल्या रहिवाशांनाच हुसकावणं. 'पण पूर्वी तिथे जंगल असेलच ना?' असं विचारणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर जुन्या काळी कोरलेला हत्ती पाहून यावा. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. झाडोऱ्याखाली एवढा हत्ती कोरायला कोण बसलं असतं?

उजाड जंगल कुठलं आणि सडा कुठला, हे ओळखायचं कसं? खुंट शोधा. उतारावर रानमोडीचं तण बाजूला सारलंत की ऐनाचे, किंजळीचे खुंट सापडतात, धुमारे फुटलेले. ते मेलेलं नाही, जखमी जंगल आहे. वणवा अडवा, तीन-चार वर्षं गुरं आवरा, एका खुंटावर एक-दोन जोमदार धुमारे राखा. बऱ्याचदा रोपं आणावीच लागत नाहीत. ऑस्ट्रेलियन बाभूळ तर मुळीच नको, कुठेच नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तसला एकदम कोसळणारा पाऊस वरचेवर येणार असेल तर मुळं उतारावर हवीत. सड्याचं पाणी भेगांतून मुरून पायथ्याच्या झऱ्यांना जातं, ते जाऊ द्यावं.

गेल्या श्रावणात आमच्या सड्यावरचे खड्डे बघून आलो. तुडुंब भरलेले, आत रोपं कुजलेली, काठावर उपसलेल्या चिऱ्याच्या ढिगाखाली गेंद गाडलेला. यंदा म्हणे त्याच खड्ड्यांत पुन्हा लावणार आहेत.