रोप लावायला पैसे मिळतात, जगवायचे कुठून आणायचे?

पावसाळा लागला की रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, मालवण अशा सगळ्याच शहरांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. रोपांना देणगीदार मिळतो, खड्डेही खणले जातात. खरा खर्च ऑक्टोबरात सुरू होतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. जांभ्यावरच्या पातळ मातीत तो टिकत नाही, पाण्याचा झपाट्याने निचरा होतो. मुळं खोल न गेलेल्या रोपाला पुढचे सात-आठ महिने पाणी घालावंच लागतं, आणि तेही निदान दोन-तीन वर्षं. टँकर, माळी, कुंपण आणि झाड वाढल्यावर छाटणी, यांसाठी तरतूद करताना मात्र हात आखडतो.

हा हिशेब उलटा आहे. सावली, गारवा, धूळ अडवणं ही कामं पानं करतात, त्यामुळे झाडाचा घेर वाढेल तसा फायदा वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने एका झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये धरलं आणि ते झाडाच्या वयाने गुणायला सांगितलं. आकड्यावर वाद होऊ शकतो. पण रोप तिसऱ्या उन्हाळ्यात वाळलं, तर त्यावरचा सगळा पैसा मातीत गेला, हे वादापलीकडचं आहे.

पैसा उभा करण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष उपकर लावता येतो, तो घरपट्टीबरोबर वसूल होतो. 2021 च्या दुरुस्तीने झाड तोडणाऱ्यावर त्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची आणि ती सात वर्षं जगवण्याची जबाबदारी टाकली. माझ्या मते या सात वर्षांच्या देखभालीची रक्कम परवानगी देतानाच अनामत म्हणून घ्यावी आणि दरवर्षी जिवंत रोपं मोजून हप्त्याहप्त्याने परत करावी. ठरावीक नफ्यापुढच्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्यानुसार सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातून मदत घेतानाही करार एका पावसाळ्याचा नको, पाच वर्षांचा हवा.

छाटणीवरचा खर्च तर टाळूच नये. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने अलिबाग, श्रीवर्धन, दापोलीत किती झाडं आडवी केली, ते आपण पाहिलं. पोकळ खोड आणि वजनदार फांद्या वेळीच हेरल्या, तर तारा, छपरं आणि माणसंही वाचतात. किनाऱ्याला उंडी, भेंड, करंज लावले तर ते खारा वारा सोसतात आणि पुढचा खर्चही कमी होतो.

पाणी घालण्याचं काम वॉर्डातल्या महिला बचत गटांना द्यावं, पैसे जगलेल्या रोपामागे द्यावेत आणि मोजणी मे अखेरीस करावी. ऑगस्टमध्ये मोजलं तर कोकणात सगळंच हिरवं दिसतं.