विशारद झालं म्हणजे बी.ए. झालं नव्हे

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारे बदलतात, शब्द तेच. "मॅडम, आमच्या पोरीचं विशारद झालंय. म्हणजे बी.ए. झाल्यातच जमा की. आता थेट एम.ए.ला घालावं म्हणतोय." गेल्या वर्षी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक डिजिटल फलक लागला होता: 'संगीत विशारद (बी.ए.) पदवी प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली सोळा जणांचे गॉगल लावलेले फोटो. पोरगी होती अकरावीत. अकरावीतली पोरगी बी.ए. कशी झाली, हे त्या सोळांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. विशारद ही शास्त्रीय संगीताची, एका मंडळानं घेतलेली परीक्षा. बी.ए. ही विद्यापीठाची पदवी.

विशारदची बाजू तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तिथं फार वेळ घालवत नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. सात परीक्षा, मग हौस आणि दम असेल तर अलंकारच्या दोन. वर्षातून दोन सत्रं, एक उन्हाळ्यात, एक दिवाळीनंतर. क्लासच्या बाई किंवा सर फॉर्म भरतात, केंद्रावर बाहेरगावचे परीक्षक येतात, पोरं घशाला आलं-मध लावून व्हरांड्यात बसतात. हे सगळं कोल्हापुरातल्या निम्म्या घरांनी बघितलेलं आहे.

एक गोष्ट मात्र बघूनही लक्षात येत नाही. ही परीक्षा घेणारं मंडळ तुमच्या पोरीला शिकवत नाही. शिकवतो तो गुरू, गल्लीतल्या क्लासात. मंडळ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षक पाठवतं आणि प्रमाणपत्र देतं. गोंधळाला खतपाणी घालतं ते मंडळाचं नाव: अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. 'महाविद्यालय' वाचलं की डोळ्यांपुढं कॉलेज उभं राहतं, कॉलेज आलं की पदवी आलीच. पण ते नाव 1901 सालचं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले कुरुंदवाडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 5 मे 1901 ला लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराण्याच्या बंद दारातून काढून फी भरणाऱ्या कुणालाही वर्गात बसून शिकता यावं, हा त्या काळी धाडसाचा उद्योग होता. 1931 मध्ये पलुस्कर गेले आणि त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. त्या 'महाविद्यालया'चा अर्थ मोठी शाळा एवढाच. आज आपण ज्याला सीनियर कॉलेज म्हणतो, त्याच्याशी त्याचं नातं फक्त अक्षरांचं.

बी.ए. संगीताचं तसं नाही. तिथं बारावी लागते, हजेरी लागते, तीन वर्षांची सहा सत्रं बसावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. संगीताबरोबर भाषा येतात, पर्यावरण येतं, क्रेडिटचा हिशेब येतो. 1962 साली स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे. यंदा तिथं नेमके कुठले अभ्यासक्रम आहेत, ते प्रवेशाच्या सूचनेत बघा, शेजारच्या काकूंना विचारू नका.

फी, वयाची अट, राग किती, थिअरीचे पेपर किती, हे फरक किरकोळ आहेत. माहितीपत्रक उघडलं की दहा मिनिटांत कळतात. त्यावर कुणी अडत नाही.

लोक अडतात ते एका शब्दावर: समकक्ष.

"अहो, पण विशारद बी.ए.च्या समकक्ष असतं ना?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिल्या तीन शब्दांतच ओळखते. गंमत म्हणजे हे वाक्य पूर्ण खोटंही नाही, म्हणूनच ते इतकं चिवट आहे. समकक्ष म्हणजे 'तेच' असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात समकक्षता कुणीतरी, कशासाठीतरी, ठरवून दिलेली असते. त्या तीन गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी शब्द पोकळ होतो. कोणी दिली? कोणत्या कामासाठी? आणि सोबत आणखी काय असेल तर?

उदाहरण घेऊ. काही विद्यापीठं म्हणतात, तुमच्याकडे कुठल्याही शाखेची पदवी असेल आणि जोडीला विशारद असेल, तर एम.ए. संगीताला या. बी.कॉम. झालेला, गाणं शिकलेला मुलगा या दारातून आत जातो. छान सोय आहे. पण वाक्य नीट वाचा. 'कुठल्याही शाखेची पदवी' तिथं आहेच. विशारदनं भरून काढली ती संगीताच्या अभ्यासाची जागा, पदवीची नव्हे. आपल्याकडे मात्र या वाक्याचा पहिला अर्धा भाग गळतो आणि 'विशारदवर एम.ए.ला घेतात' एवढंच गावभर होतं. शिवाय एका विद्यापीठानं मान्य केलं म्हणून दुसऱ्यानं करावं असा नियम नाही, आणि विद्यापीठानं प्रवेशासाठी मान्य केलं म्हणून नोकरी देणाऱ्यानं मान्य करावं असाही नाही. बोर्ड शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण देतं, तीही एक मान्यताच. ती दहावीच्या निकालपत्रापुरती.

मग पदवी म्हणजे काय? इथं मत चालत नाही, कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 1956 चा कायदा, कलम 22. पदवी देण्याचा अधिकार कुणाला? कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेल्या संस्थेला. बस्स. कागदावर कुठला शब्द छापलाय, सोनेरी किनार आहे का, समारंभात झगा घातला होता का, याला किंमत नाही. कागद कोणी दिला ते बघायचं. म्हणून शब्दावरही जाऊ नका. 'विशारद' चंडीगडच्या प्राचीन कला केंद्राकडूनही मिळतं, अलाहाबादच्या प्रयाग संगीत समितीत त्याच सुमाराच्या टप्प्याला 'प्रभाकर' म्हणतात. उलट खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे 1956 पासूनचं खरंखुरं विद्यापीठ, तिथली पदवी ती पदवी.

यात मंडळाला कमी लेखण्याचा हेतू नाही. ज्या गावात गाण्याचा एकही प्राध्यापक नाही, तिथं एखादी पोर भूप आणि यमन या रागांतला फरक ओळखते, ती या परीक्षांमुळं. भातखंडे आणि पलुस्कर दोन्ही स्वरलिपी लिहायची सवय आम्हाला याच अभ्यासानं लावली. राग आहे तो कंसातल्या 'बी.ए.'वर.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगते, तर मी स्वतः त्या खड्ड्यात पडलेली आहे. विशारद पहिल्या वर्गात झालं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरात मंडळी म्हणाली, आता दोन-दोन पदव्या कशाला? मलाही इतिहासाचे पेपर नकोच होते. सोडलं कॉलेज. तीन वर्षांनी एका संस्थेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये साती प्रमाणपत्रं क्रमानं लावून गेले. खिडकीतल्या बाबांनी एकेक पान उलटलं, शेवटचं दोनदा बघितलं आणि विचारलं, "ताई, हे झालं. पदवीचं मार्कलिस्ट कुठाय?" मी म्हटलं, हेच. त्यांनी अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. विद्यापीठाचं नाव, बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. फोल्डर न ओरडता, न हिणवता परत दिला. मागं रांगेत पंचवीसेक माणसं होती. अर्धवट सोडलेलं बी.ए. मी पुढं पूर्ण केलं, माझ्यापेक्षा पाच-पाच वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर बसून.

एवढं सांगितल्यावर कोल्हापुरात हमखास एक जण उठतो आणि म्हणतो, "अल्लादिया खाँसाहेबांकडं कुठली डिग्री होती ओ?" टाळी पडते. बरोबर आहे, नव्हती. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. महाराजांनी गाणं ऐकलं आणि माणूस ठेवून घेतला. आज ऐकून ठेवून घेणारा दरबार मला दाखवा, मी स्वतः पोरांचे फॉर्म फाडते. आता जागा जाहिरातीतून निघते आणि जाहिरातीत पात्रता लिहिलेली असते. सीनियर कॉलेजात शिकवायचं तर साधारण रस्ता असा: त्या विषयाची पदव्युत्तर पदवी, खुल्या गटाला 55 टक्के, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. या साखळीत पहिली कडी पदवीची. आकाशवाणीचं तसं नाही. तिथं स्वरचाचणी होते, ऐकून श्रेणी ठरते. म्हणजे गाणं ऐकून निवड होते अशा जागा आहेत, पण तिथं विशारदचा कागदही कुणी मागत नाही. हे टाळी वाजवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आता उलटी बाजू, कारण त्यातही लोक फसतात. "बी.ए. म्युझिकला घातलंय, आता क्लास बंद केला." अहो, कशाला बंद केला? वर्गात वीस पोरं, तास पन्नास मिनिटांचा, त्यात हजेरी. बाईंनी षड्ज लावून घेईपर्यंत दहा मिनिटं जातात. तिथं घराण्यांचा इतिहास, श्रुती, तालशास्त्र, लिहायचं कसं, बोलायचं कसं, हे मिळतं आणि ते फार मोलाचं आहे. गळा मात्र तिथं तयार होत नाही. तो सकाळी साडेपाचला गुरूच्या घरी, समोरासमोर, एकच तान चाळीस वेळा चुकून तयार होतो. विभागातले चांगले प्राध्यापकही हेच सांगतात.

कॉलेजची एक मिळकत क्लासवाल्यांना दिसतच नाही: युवा महोत्सव. समूहगीत, लोकवाद्यवृंद, मूकनाट्य, एकांकिका. तिथं उतरायला नियमित विद्यार्थी असावं लागतं, वय 25 च्या आत असावं लागतं. विशारद होऊन घरी बसलेल्या पोराला त्या रंगमंचावर पाय ठेवता येत नाही. आणि खरं सांगते, तबल्याच्या साथीला ऐनवेळी आजारी पडणारा मित्र, मध्यरात्री एसटीत रंगलेली गाणी, परीक्षकांच्या नावानं खडे फोडत खाल्लेली मिसळ, यांतून कलाकार जेवढा शिकतो तेवढा वातानुकूलित कार्यशाळेत शिकत नाही.

नाटकवाल्यांनी हसू नये. त्यांच्याकडे विशारद नाही, म्हणून त्यांनी दुसरा गोंधळ घालून ठेवलाय. "बारावी झाली की दिल्लीला एनएसडीत घालणार." राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नावानं पदविका आहे, पण प्रवेशालाच पदवी लागते, वर नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. म्हणजे डिप्लोमा म्हटला की तो पदवीच्या अलीकडचा, हा हिशेब इथं उलटा. तो अनुभव पूर्वी आपल्या पोरांना केशवराव भोसले नाट्यगृहात मिळायचा. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर तालमी मिळेल त्या हॉलात.

मला विचाराल तर माझा कल पक्का आहे. शिकवण्याच्या, संशोधनाच्या वाटेनं जायचं असेल तर बी.ए. संगीत करा आणि गुरू सोडू नका. गाणं जिवाभावाचं, पण पोट दुसऱ्या कशावर भरायचं असेल तर खुशाल बी.कॉम. करा आणि विशारद पुरं करा. पुढं मन बदललं तर 'कुठलीही पदवी अधिक विशारद' हे दार काही विद्यापीठांत उघडं असतं, मात्र ज्या विद्यापीठात जायचं त्याचा त्या वर्षीचा नियम आधी वाचा. नुसतं विशारद करून पदवी सोडू नका. आणि कुणी 'समकक्ष' म्हणालं की तोंडी ऐकू नका. ज्या ठिकाणी अर्ज करायचाय, त्या ठिकाणचा लेखी नियम मागा. तिसऱ्याच संस्थेचं पत्र चालत नाही.

त्या डिजिटलवरची पोरगी यंदा बारावी झाली. आई तिला घेऊन आली होती, हातात फोल्डर, तसाच, प्लास्टिकचा. मी सगळं सांगितलं. आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे अजून तीन वर्षं?" पोरगी म्हणाली, "आई, युवा महोत्सव असतोय की." मी तिला म्हटलं, शाळा सोडल्याचा दाखला आणि बारावीचं मार्कलिस्ट वर ठेव, विशारद त्याच्या खाली. तिनं तिथंच, माझ्या सतरंजीवर, कागदांचा क्रम बदलला.