ज्योतीची सावली

‘निळी ज्योत पिवळीपेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून ती निळी दिसते.’ शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, मोबाइलवरच्या झटपट व्हिडिओंमध्ये, कधीकधी वर्गातसुद्धा हे वाक्य ठामपणे सांगितलं जातं. शेगडीची निळी ज्योत मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीपेक्षा जास्त गरम असते, एवढं त्यातलं खरं. पण त्यातला ‘म्हणून’ साफ चुकीचा आहे, आणि तो काढून टाकला की ज्योतीच्या आत काय चाललंय ते दिसायला लागतं.

हा समज येतो कुठून ते कळण्यासारखं आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड ७०० अंश सेल्सिअसच्या सुमारास लाल होतं, ११०० च्या आसपास पिवळं, आणखी तापवलं की पांढरं. मग त्याही पुढे निळं होणार, असं वाटणं साहजिक आहे. फक्त त्या निळ्यापर्यंत पोचायला किती तापावं लागतं ते बघा. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५५०० अंशांचा, तरी तो पांढराच. मृग नक्षत्रातला राजन्य तारा निळसर दिसतो, त्याचा पृष्ठभाग ११ हजार अंशांच्या पुढे आहे. आपल्या शेगडीची ज्योत दोन हजारांच्या आतच राहते. लोखंडाचा नियम तिला लावला, तर ती कधीच निळी दिसता कामा नये. म्हणजे तिचा निळा रंग तापण्याचा नव्हेच. तापण्याचा रंग पिवळ्या ज्योतीत आहे, आणि तोही ज्योतीतल्या वायूचा नाही.

मग चमकतं काय? याचं उत्तर देणारा प्रयोग मला फार आवडतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली. त्यात त्यांनी प्रखर विजेच्या दिव्यासमोर मेणबत्ती ठेवून तिच्या ज्योतीची सावली पडद्यावर पाडली. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद पडली! तुम्ही हे घरी करू शकता. कडक उन्हात मेणबत्ती लावा, मागे पांढरा कागद धरा. वातीभोवतीच्या काळपट भागाची सावली पुसट येते आणि झगमगत्या पिवळ्या भागाची ठळक. वायूची अशी सावली पडत नाही. उजेड अडवायला तिथे काहीतरी घन हवं, आणि ते घन म्हणजे काजळी. फॅरडे यांचे गुरू हम्फ्री डेव्ही यांनी त्याआधी चाळीसेक वर्षं सांगून ठेवलं होतं की ज्योतीचा उजेड तिच्यातल्या तापलेल्या कार्बनच्या कणांचा असतो.

आता हा कण कसा घडतो ते जरा सावकाश पाहू. मेण वितळून वातीतून वर चढतं आणि वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते. ज्योतीच्या पोटात ऑक्सिजन पोचत नाही, कारण कडेलाच तो वापरला जातो. त्यामुळे तिथे वाफ जळत नाही, नुसत्या उष्णतेने फुटते. कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या तुटून छोटे रेणू होतात. त्यांतला एक महत्त्वाचा म्हणजे ॲसिटिलीन. हे तुकडे पुन्हा जुळू लागतात आणि सहा कार्बनचं एक कडं तयार होतं. ते कडं म्हणजे बेंझीन. बेंझीन पहिल्यांदा वेगळं काढलं तेही फॅरडे यांनीच, १८२५ मध्ये, दिव्याच्या गॅसच्या तळाशी उरणाऱ्या तेलकट द्रवातून. पण ज्योतीतल्या काजळीची सुरुवात त्याच कड्यापासून होते, हे त्यांना माहीत असण्याची शक्यता नव्हती. त्या काळी बेंझीनची रचनाच कोणाला ठाऊक नव्हती.

कड्याच्या कडेला ॲसिटिलीन चिकटतं, हायड्रोजन सुटतो, शेजारी दुसरं कडं तयार होतं. षटकोनाला षटकोन जोडत चपटे, रुंद रेणू होतात. पुरेसे मोठे झाले की ते एकमेकांवर बसतात आणि काही नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पहिला कण जन्माला येतो. तो वाढत वाढत वीस-तीस नॅनोमीटरचा गोळा होतो, आणि असे गोळे चिकटून साखळ्या बनतात. हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतं. तापलेल्या वायूबरोबर कण वर जातात, हजाराहून अधिक अंशांना लोखंडासारखेच पिवळे तळपतात आणि ज्योतीच्या टोकाशी ऑक्सिजन मिळताच जळून नाहीसे होतात. दिव्याच्या उजेडात आपण वाचतो तो उजेड म्हणजे कार्बनने जळून जाण्याआधी दिलेला उजेड.

हा प्रवास मध्येच अडवला तर काजळी हाती लागते. घरोघरी बायका निरांजनावर ताटली उपडी धरून काजळ धरायच्या, ते हेच. थंड ताटलीला लागून कण निवतात आणि जळायचे राहतात. समईची वात जास्त पुढे सारली की वाफ वाढते, ऑक्सिजन अपुरा पडतो आणि ज्योत काजळी ओकू लागते.

शेगडीत मात्र गॅस बारीक छिद्रातून जोरात सुटतो आणि नळीतून जाताना हवा ओढून घेतो. इंधन आणि ऑक्सिजन जळण्याआधीच मिसळलेले असल्याने कार्बनला कडी जुळवायला सवडच मिळत नाही. त्या पातळ निळ्या थरात क्षणभर काही अर्धवट रेणू जन्मतात. एका कार्बनला एक हायड्रोजन जोडलेला हा एक, आणि नुसत्या दोन कार्बनची जोडी हा दुसरा. अभिक्रियेतून मिळालेली ऊर्जा त्यांच्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर ढकलते. तो खाली येताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. पहिल्याचा ४३१ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळट निळा. दुसऱ्याच्या प्रकाशाचे पट्टे निळ्या-हिरव्यात, त्यांतला ठळक ५१६ च्या जवळ. हे पट्टे १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम स्वान यांनी नोंदवले, म्हणून त्यांना स्वान पट्टे म्हणतात. कित्येक धूमकेतूंचं डोकं हिरवट दिसतं तेही याच कार्बनच्या जोडीमुळे, फक्त तिथे ऊर्जा सूर्यप्रकाश पुरवतो. काजव्याचा उजेड जसा तापण्यातून येत नाही, रासायनिक अभिक्रियेतून थेट येतो, तसाच शेगडीचा निळा. शेगडीच्या ज्योतीची सावली पाडून बघा. गडद असं काही मिळणार नाही, फक्त तापलेल्या हवेच्या लहरी हलताना दिसतील.

डाळ उतू गेल्यावर ज्योत नारिंगी होते ते मिठातल्या सोडियममुळे, त्याचा काजळीशी संबंध नाही.

ज्योतीचा विषय निघाला आहे तर एक सांगायलाच हवं. दहा ग्रॅम तूप जाळलं की एक टन ऑक्सिजन तयार होतो, असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. दहा ग्रॅमातून टनभर वस्तू निघत नाही, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी अठराव्या शतकातच तराजू घेऊन दाखवलं. उलट तूप पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या जवळपास तिप्पट ऑक्सिजन लागतो. निरांजन श्रद्धेने जरूर लावावं, पण बंद खोलीत ते ऑक्सिजन खातं आणि बारीक काजळी सोडतं. दमेकऱ्याच्या उशाशी धूर करून त्याची हवा ‘शुद्ध’ करणं हा त्याच्या श्वासाशी खेळ आहे.

शेगडी किंवा गॅस गीझरची ज्योत पिवळी पडू लागली, तर सिलिंडर संपत आलाय एवढ्यावर थांबू नका. बर्नरची भोकं बुजली असतील किंवा हवेची वाट अडली असेल. भांड्याचं बूड काळं होणं हा त्यातला सौम्य परिणाम. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. बंद बाथरूममध्ये तर ठणठणीत बर्नरसुद्धा हवेतला ऑक्सिजन कमी करत नेतो आणि मग हा वायू सोडू लागतो. म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा असतो.