बीजवाहिनी-पेशींचं को-कल्चर

भ्रूणाला लॅबच्या डिशमध्ये एकटं न ठेवता मादीच्या बीजवाहिनीतल्या (अंडाशयातून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीतल्या) किंवा गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींसोबत वाढवायचं, याला को-कल्चर म्हणतात. याची गरज पडली कारण शरीराबाहेर भ्रूण ठरावीक जागी अडून बसायचं, उंदराचं २ पेशींवर, डुकराचं ४ वर, गाय-मेंढीचं ८ ते १६ वर. साधारण याच सुमाराला भ्रूणाचे स्वतःचे जीन्स नीट चालू होतात, तोवर सगळं आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर चाललेलं असतं. १९८७ मध्ये गांडोल्फी आणि मूर या संशोधकांनी मेंढीची भ्रूणं बीजवाहिनीच्या पेशींसोबत ठेवली तर ती हा अडथळा ओलांडून ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे गर्भाशयात रुजण्याआधीच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत गेली.

पुण्यात कोणाला हे करायचं तर गाईऐवजी म्हशीवर करावं लागणार, कारण २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे आणि बीजवाहिनी मिळते ती कत्तलखान्यातूनच. ती सलाइनमध्ये घालून थर्मासमधून आणायची, धुवायची आणि टूथपेस्टची ट्यूब पिळतो तशी पिळायची, की आतल्या पेशींचे पुंजके बाहेर येतात. एका दिवसात त्यांचे छोटे गोळे होतात आणि पेशींवरचे केसासारखे बारीक तंतू (सिलिया) हलत असल्यामुळे ते मायक्रोस्कोपखाली चक्क गरागरा फिरताना दिसतात, हे बघण्यासारखं असतं! डिशच्या तळाला चिकटून पसरल्या की मात्र हळूहळू सिलिया जातात आणि पेशी आपलं मूळ कामच विसरायला लागतात.

पेशी नेमकं करतात काय? ग्रोथ फॅक्टर (वाढीला चालना देणारे रेणू) आणि बीजवाहिनीतल्या ओव्हीजीपी-१ सारखी प्रोटीन्स सोडतात, हे आहेच. पण माझ्या मते देण्याइतकंच काढून घेणंही महत्त्वाचं, म्हणजे मीडियातलं (भ्रूण ज्या पोषक द्रवात वाढतं त्यातलं) जास्तीचं ग्लुकोज खाणं, घातक ऑक्सिजन रॅडिकल्स निस्तरणं आणि ऑक्सिजन कमी करणं, कारण हवेत तो २० टक्क्यांच्या आसपास आणि बीजवाहिनीत त्याहून बराच कमी. म्हणून तर माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशींवरही भ्रूणं वाढली, ज्यांचा गर्भाशी काही संबंध नाही. (व्हेरोसारख्या सेल लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशी, जपून ठेवून लॅबना पुरवायचं काम पुण्यात गणेशखिंडीतली नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजे एनसीसीएस, ही संस्था करते.)

पुढे ५ टक्के ऑक्सिजनचे इनक्युबेटर आले, मीडिया सुधारला, बीजवाहिनीतल्या द्रवाची नक्कल करणारा एसओएफ नावाचा मीडिया तर १९७२ पासूनच होता, त्यामुळे रोजच्या आयव्हीएफमधून को-कल्चर मागे पडलं. शिवाय दर बॅचच्या पेशी वेगळ्या वागतात आणि जनावरातला व्हायरस भ्रूणापर्यंत जायची भीती वेगळीच. आता अख्ख्या पेशींऐवजी त्यांनी सोडलेले बारीक व्हेसिकल्सच (पडद्याने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या) मीडियात घालून बघतात.