वेल्सची गाणाऱ्यांची आळी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट परगण्यात, वेल्स नावाचं छोटं शहर आहे. वेल्स या देशाशी त्याचा संबंध नाही. मराठीत दोन्ही नावं सारखी लिहिली जातात, एवढंच. शहराला हे नाव मिळालं झऱ्यांवरून. इथल्या बिशपच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या, वाड्याच्या बागेत जमिनीतून उसळणारे झरे आजही वाहतात, आणि त्यांच्या शेजारीच ११७५ च्या सुमारास आताच्या कॅथीड्रलचं, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचं, काम सुरू झालं.

कॅथीड्रल पाहायला आलेला माणूस पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवरच्या शेकडो मूर्ती पाहतो, आतल्या कात्रीसारख्या कमानींखाली उभा राहतो आणि बहुतेक वेळा तिथूनच परततो. मला विचाराल तर खरी गंमत उत्तरेला, रस्त्यापलीकडे आहे. तिथल्या एका कमानीखालून आत शिरलं की समोरासमोर दगडी घरांच्या दोन सरळ रांगा लागतात. ही व्हायकर्स क्लोज. मूळ घरांसह टिकलेली, फक्त राहण्यासाठीच बांधलेली युरोपातली सर्वांत जुनी गल्ली असं हिच्याबद्दल सांगितलं जातं. या घरांत आजही माणसं राहतात, आणि त्यांतली बरीचशी ज्या कामासाठी ही घरं बांधली तेच काम करतात.

ते काम म्हणजे गाणं. मध्ययुगात कॅथीड्रलचा कारभार कॅनन म्हणून नेमलेल्या धर्मगुरूंकडे असे. प्रत्येकाला जमिनीचं उत्पन्न लावून दिलेलं असे. पण कॅननांपैकी अनेक जण राजाच्या नोकरीत नाहीतर दुसऱ्या एखाद्या चर्चच्या कामात गुंतलेले असत, आणि वेल्सला फिरकतही नसत. प्रार्थना मात्र चुकून चालणार नव्हती. पहाटेपूर्वीपासून रात्रीपर्यंत दिवसातून आठ वेळा, आणि बहुतेक सगळी गाऊन. म्हणून प्रत्येक कॅनन आपल्या जागी एक माणूस ठेवी. हा बदली माणूस म्हणजे व्हायकर. समूहात गाणारा, म्हणून व्हायकर कोरल.

या व्हायकरांची मिळकत थोडी आणि राहण्याची सोय नाही. कुणी कॅननच्या घरी आसऱ्याला, कुणी गावात भाड्याच्या खोलीत. गावात राहिलं की गावाच्या सवयी लागतात, दारूची दुकानं जवळ पडतात आणि रात्रीच्या प्रार्थनेला उठायचा कंटाळा येतो. ही तक्रार एकट्या वेल्सची नव्हती, इंग्लंडमधल्या अनेक कॅथीड्रलांना ती भेडसावत होती. १३२९ मध्ये इथे बिशप झालेले राल्फ ऑफ श्रूजबरी यांनी तिच्यावर उपाय काढला: सगळ्यांना एकाच ठिकाणी घरं द्यायची.

क्लोजच्या तोंडाशी व्हायकरांचा जेवणाचा दिवाणखाना आहे. तिथल्या एका जुन्या चित्रात व्हायकर बिशप राल्फ यांच्यापुढे अर्ज घेऊन गुडघे टेकून बसले आहेत. सोबत लॅटिन ओळी आहेत. व्हायकर म्हणतात, आम्ही गावातल्या गल्ल्यांमध्ये विखुरलेले आहोत, बाबा, तुम्ही घरं दिलीत तर एकत्र राहू. बिशप उत्तर देतात की तुमची मागणी रास्त आहे, तुम्ही इथेच राहावं म्हणून ही जागा आम्ही कायमची करून दिली आहे. अर्थात हे चित्र नंतरच्या काळातलं, आणि त्यात शिस्तीचा बडगा कुठेच दिसत नाही. घर मिळालं तशी बंधनंही आली. पण मला हा अर्ज खोटा वाटत नाही. थंडीच्या रात्री परक्याच्या घरातून उठून गायला जाणाऱ्या माणसाला स्वतःचं दार हवंसं वाटलं असणारच.

बिशपांनी ही घरं द्यायचं ठरवलं ते साल होतं १३४८. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेगची महामारी उतरली आणि काही महिन्यांत या भागात पसरली. जानेवारी १३४९ मध्ये याच बिशप राल्फ यांनी आपल्या धर्मप्रांतासाठी एक पत्र काढलं. मरणाऱ्याजवळ जायला धर्मगुरू मिळत नसेल तर त्याने आपल्या पापांची कबुली कुठल्याही सामान्य माणसापुढे द्यावी, पुरुष नसेल तर बाईपुढेही द्यावी. त्या काळात एका बिशपने हे लिहावं, यावरूनच किती धर्मगुरू मेले होते याचा अंदाज येतो. क्लोजची घरं उभी राहिली ती अशा दिवसांत.

घरं होती एकूण ४२. प्रत्येकात एकावर एक अशा दोन खोल्या, खाली बसायची आणि वर झोपायची. एका घरात एक व्हायकर. गल्लीची लांबी सुमारे १४० मीटर, आणि ती सगळीकडे सारख्या रुंदीची नाही. उत्तरेच्या टोकाला ती सुमारे तीन मीटरने आखडते. त्यामुळे कमानीतून पाहिलं तर गल्ली आहे त्यापेक्षा लांब भासते, आणि त्या टोकाच्या छोट्या चॅपेलपासून मागे वळून पाहिलं तर आखूड. घरांपुढच्या बागा आणि बुटक्या भिंती पंधराव्या शतकातल्या. त्याआधी दार उघडलं की थेट गल्लीत पाऊल.

पंधराव्या शतकानेच या परिसराला आजचं रूप दिलं, आणि त्याचं श्रेय बरंचसं टॉमस बेकिंग्टन या बिशपचं. राजा सहाव्या हेन्रीचा हा सचिव १४४३ मध्ये वेल्सचा बिशप झाला. कॅथीड्रलच्या आवारात शिरायच्या मोठ्या दगडी कमानी त्याने बांधल्या. त्यांतल्या एकीचं नाव पेनिलेस पोर्च, कारण तिथे भिकारी बसत. बाजारपेठेच्या उत्तरेला त्याने घरांची एक सलग रांग उभारली. आज तिच्या दर्शनी भागात दुकानं आहेत. १४५१ मध्ये त्याने आपल्या बागेतल्या झऱ्याचं पाणी नळाने बाजारात आणून शहराला दिलं. मोबदला एवढाच मागितला की शहरवासीयांनी वर्षातून एकदा त्याच्या थडग्यापाशी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हाय स्ट्रीटच्या कडेच्या दगडी पन्हळींतून ते पाणी आजही खळाळत वाहतं. त्याच्या बांधकामांवर एक खूण कोरलेली दिसते: पिंपातून निघालेली पेटती मशाल. इंग्रजीत मशालीला ‘बीकन’ आणि पिंपाला ‘टन’ म्हणतात. दोन्ही मिळून बेकिंग्टन.

गल्लीच्या छपरांवरच्या उंच अष्टकोनी चिमण्याही त्याच्याच पैशातल्या, पण त्या झाल्या त्याच्या मृत्यूनंतर. तो १४६५ मध्ये वारला. मागे ठेवलेल्या पैशाचा विनियोग करणाऱ्या तिघांनी त्या बांधल्या आणि त्यांवर बिशपच्या चिन्हासोबत आपलीही चिन्हं कोरून घेतली. तिघांपैकी एकाचं आडनाव शुगर. त्याच्या ढालीवर साखरेचे तीन शंकू आहेत. त्या काळी साखर शंकूच्या आकारातच विकली जायची.

बेकिंग्टनचं मला सर्वांत आवडणारं काम मात्र चेन गेट. व्हायकरांच्या दिवाणखान्यातून निघून, रस्त्यावरून पार होत, थेट कॅथीड्रलमध्ये उतरणारा हा झाकलेला पूल १४५९ च्या सुमारास झाला. आता रस्त्यावर पाय ठेवायची गरजच उरली नाही. पाऊस चुकला आणि दारूचं दुकानही. पूल कॅथीड्रलमध्ये जिथे पोचतो तिथे एक जिना आहे. त्याची एक शाखा उजवीकडे वळून चॅप्टर हाऊसमध्ये, म्हणजे कॅननांच्या सभागृहात, जाते, दुसरी सरळ वर पुलाकडे. शेकडो वर्षांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध इतक्या झिजल्या आहेत की दगड लाटांसारखा खालीवर होतो. १९०३ मध्ये फ्रेडरिक इव्हान्स यांनी याच जिन्याचं छायाचित्र काढलं आणि त्याला ‘पायऱ्यांचा समुद्र’ असं नाव दिलं.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली, इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून वेगळं झालं. १५४९ मध्ये पार्लमेंटने धर्मगुरूंच्या लग्नावरची बंदी उठवली. मेरी राणीने ती पुन्हा आणली, एलिझाबेथच्या राज्यात ती सैल झाली. हा सगळा इतिहास गल्लीच्या भिंतींत वाचता येतो. एकट्या पुरुषासाठी बांधलेल्या दोन खोल्यांत बायको-मुलं मावेनात, तेव्हा शेजारच्या भिंतीत दार फोडून दोन घरांचं एक होऊ लागलं. चिमण्या मोजल्या तर जुनी घरं सापडतात, दारं मोजली तर नवी. ४२ घरांची आज २७ उरली आहेत, आणि एकही पाडून कमी झालेलं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आजही या दारांतून गाणारे बाहेर पडतात आणि कॅथीड्रलकडे निघतात.