कोकणात कायदा सामान्यांपर्यंत कसा पोहोचला : पार्श्वभूमी

कोकणातील नागरी हक्कांचा इतिहास महाडच्या चवदार तळ्यापासून सांगण्याची प्रथा आहे. खरे तर तो ४ ऑगस्ट १९२३ पासून सांगायला हवा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव त्या दिवशी मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण ठराव दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तिथले पाणी घेतले, तेव्हा परत निघालेल्यांना मारहाण झाली. डिसेंबरातील दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा दाखल करून दिवाणी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो मोडायचा की पाळायचा, यावर परिषदेत खल झाला आणि सत्याग्रह तहकूब झाला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, हा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी लागला.

कुळांच्या रोजच्या जगण्याला जाचणारा प्रश्न खोतीचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या वतनाचा होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तरी प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळाने जमीन विकत घेतली असे धरून त्याला तिचा मालक मानले. मात्र जमिनीची किंमत ठरवण्यासाठीच्या कलम ३२ग खालच्या चौकशीला कूळ हजर राहिले नाही, किंवा जमीन विकत घ्यायची नाही असे त्याने सांगितले, तर ती खरेदी निष्प्रभावी ठरवण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. ज्याला नोटीस वाचता येत नाही, किंवा जो खोताच्या शब्दाबाहेर नाही, त्याच्या पदरात असा हक्क कसा पडणार, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केलेला दिसत नाही.

मोफत कायदेविषयक साहाय्याचे कलम ३९क संविधानात ४२व्या घटनादुरुस्तीने आले. त्यासाठीचा १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम लागू होण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता वकील मिळू शकतो. जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या त्यातूनच उभ्या राहिल्या. गावोगावच्या कायदेविषयक शिबिरांमागेही हाच कायदा आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणे तिकडे गेली; रायगडची मुंबईतच राहिली. सावंतवाडीच्या पक्षकाराचे अंतर त्यामुळे निश्चित कमी झाले. तालुक्याच्या न्यायालयात त्याचे काम मराठीत चालू शकते, उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीतच चालते, आणि आपल्या अपिलात काय ठरले हे त्याला बहुधा वकिलाच्या तोंडूनच कळते.